आलेखातलं शून्य



पायथनमध्ये आलेख काढणं अवघड नाही. दहा ओळींत रेषालेख तयार होतो. पण तो बरोबर आहे का, हे तपासता येईल असा कोड लिहायला मी एका चुकीतून शिकले. तीच आज तुम्हाला सांगते.

घटक चाचण्या २० गुणांच्या होत्या. प्रत्येक मुलाचा आलेख छापून मी पालकसभेत वाटला. एका मुलीचे वडील तो कागद घेऊन पुढे आले. "मॅडम, दुसऱ्या चाचणीला ही दवाखान्यात होती. पेपर दिलाच नाही, मग शून्य कुठून आलं?" रेषा १६ वरून थेट शून्यावर आणि तिथून पुन्हा १७ वर गेली होती. मुलगी शेजारी मान खाली घालून उभी, मागे इतर पालकांची रांग. मला उत्तर देता येईना. माझाच कोड मला आठवत नव्हता.

रात्री बसून शोधलं. फाईलमध्ये तिच्या गुणांची जागा रिकामी होती. पांडाज अशी जागा 'माहिती नाही' म्हणून वाचतं आणि मॅटप्लॉटलिब तिथे रेषा तोडतं. म्हणजे दोघांचंही बरोबर होतं! मधे रिकाम्या जागी शून्य भरणारी एक ओळ मीच कुठूनतरी उचलून आणली होती. ती का घातली, हे कुठेच लिहिलं नव्हतं. गैरहजर आणि शून्य गुण यांतला फरक गुणपत्रकात आपण कधी विसरत नाही. मी कोडमध्ये विसरले.

तेव्हापासून काही गोष्टी पाळते. मूळ फाईलला हात लावत नाही. जो बदल करायचा तो कोडमध्ये, आणि का केला त्याची एक ओळ मराठीत शेजारी. व्हेरिएबलना 'अ', 'ब' अशी नावं न देता 'चाचणी_गुण', 'कमाल_गुण' अशी देते. पायथनला देवनागरी नावं चालतात, हे मुलांना सांगितलं की त्यांना गंमत वाटते.

पूर्वी प्रत्येक विषयासाठी तोच कोड चिकटवायचे. मग गणिताच्या आलेखावर विज्ञानाचं शीर्षक राहून जायचं. आता आलेखाचं एकच फंक्शन आहे. त्याला गुण आणि विषय द्यायचे. चूक सापडली तर एकाच जागी दुरुस्त होते.

य-अक्ष मी स्वतः ० ते २० ठरवते. तसं केलं नाही तर मॅटप्लॉटलिब आकड्यांप्रमाणे अक्ष ताणतं आणि १५ वरून १६ वर गेलेलं मूल डोंगर चढल्यासारखं दिसतं. अक्षांना नावं देतेच. मराठी नावांसाठी देवनागरी फॉन्ट सांगावा लागतो, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन येतात. रेषेवर बिंदूंच्या खुणाही हव्यात. रेषा तुटली की एकटा पडलेला बिंदू खुणेशिवाय दिसतच नाही. त्या मुलीचे पहिल्या चाचणीचे १६ गुण असेच गायब झाले असते. आणि चित्र आधी जतन करा, मग पडद्यावर दाखवा. उलट केलं तर बऱ्याचदा कोरी फाईल हाती येते.

फ्रान्सिस अॅन्स्कोम यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच मांडले होते. चारही संचांच्या सरासऱ्या जवळजवळ सारख्या, पण आलेख अगदी वेगळे. आकडे जे लपवतात ते आलेख दाखवतो, हे त्यातून कळतं. माझ्या चुकीने मला दुसरी बाजू कळली: आलेख जे लपवतो ते कोडमध्ये सापडलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला नवा कागद दिला. दुसऱ्या चाचणीची जागा मोकळी होती, वर 'गैरहजर' लिहिलं होतं. तिची माफीही मागितली. तिने कागद नीट घडी करून दप्तरात ठेवला. म्हणाली, "पप्पांना दाखवते."

तुमच्याकडे मुलांच्या गुणांचा असा कोड असेल तर आज एकदा उघडा. रिकाम्या जागेचं तो काय करतो, एवढं तरी नक्की बघा.