आसोद्याचे घरोट

जामनेरहून नेरीमार्गे जळगावकडे जाणारा रस्ता काळ्या जमिनीतील कपाशीच्या रानांमधून जातो आणि दक्षिणेकडील अजिंठ्याची डोंगररांग, जिच्यात उगम पावलेली वाघूर नदी लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेऊन जामनेर तालुक्यात उतरते, ती हळूहळू पाठीमागे राहते. पाचोरा-जामनेर ही छोटी नॅरोगेज गाडी बंद पडल्यापासून जामनेरला येणाऱ्या-जाणाऱ्याची सगळी भिस्त एसटीवर आहे, आणि आगगाडीचे वेड असलेल्या प्रवाशाला ही उणीव कोणत्याही रुंद रस्त्याने भरून निघत नाही. अजिंठ्याची लेणी आणि शेंदुर्णीचे त्रिविक्रम मंदिर यांत गेलेले दिवस सुखाचे होते, पण त्यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत; हा प्रवास सांगावासा वाटतो तो आसोद्यातील एका दुपारीमुळे.

आसोदे हे जळगावजवळचे गाव बहिणाबाई चौधरी यांचे माहेर. 1880 मध्ये, नागपंचमीच्या दिवशी, उखाजी महाजन यांच्या घरी जन्मलेल्या बहिणाबाईंचा विवाह तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी झाला आणि तिशीतच त्यांना वैधव्य आले. शेत, घर आणि मुले सांभाळणाऱ्या या निरक्षर स्त्रीने काम करता करता जी गाणी रचली ती तिने कधी लिहिली नाहीत. पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू यांनी जेवढी कानावर पडली तेवढी उतरवून घेतली, आणि बाकीची, ज्यांची मोजदाद आता कोणालाच करता येणार नाही, ती शेताच्या बांधावरच विरून गेली. 3 डिसेंबर 1951 रोजी त्यांचे निधन झाल्यावर पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह निघाला, आणि जिला आयुष्यभर शेतकरीण म्हणूनच ओळखले गेले ती मराठीतील मोठी कवयित्री ठरली. जळगावच्या चौधरीवाड्यात त्यांच्या वापरातील वस्तू जपून ठेवल्या आहेत, मात्र काचेपलीकडची भांडी पाहून गाण्याविषयी फारसे काही कळत नाही, असे प्रवाशाचे मत झाले.

आसोद्याला जाण्यामागे वाङ्मयापेक्षा वांग्याचा ओढा अधिक होता, हे लपविण्याचे कारण नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या मालाला मिळणारी कायदेशीर ओळख, मिळाले आणि या वांग्यांसाठी आसोद्याचे नाव जिल्हाभर घेतले जाते. हिरवट पांढऱ्या रंगाचे, कमी बियांचे हे वांगे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजून, हिरव्या मिरच्या व लसणासह बडगीत, म्हणजे लाकडी उखळीसारख्या भांड्यात, ठेचावे लागते. शहरातील हॉटेले ते गॅसवर भाजून वर तेलाचा तवंग सोडतात, त्याला भरीत म्हणणे हा वांग्याचा अपमान आहे. ज्या शेतकरी घरात हे भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर, म्हणजे ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेल्या भाकरीबरोबर, पानात पडले, त्या घराच्या पडवीत एका कोपऱ्यात घरोट होते. घरोट हे जात्याचे खानदेशी नाव. लग्नातील हळद दळण्यापुरतेच ते आता फिरते, असे घरातील आजींनी सांगितले.

बहिणाबाईंचे एखादे गाणे येते का, या प्रश्नावर आजींनी प्रथम नकार दिला. हात रिकामा असताना गाणे म्हणायचे कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल होता, आणि भाऊंना ऐकायचेच असेल तर सुनेने पसाभर ज्वारी आणावी, अशी त्यांची अट होती. ज्वारी आली, खुंटा ठोकून घट्ट बसविला गेला, आणि जे गाणे प्रवाशाने शाळेत कविता म्हणून पाठ केले होते आणि 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटापासून ज्याची एक ठरीव चाल मराठी कानांत बसली आहे, ते अगदी निराळे होऊन ऐकू आले. आठ-आठ अक्षरांचा चरण दगडाच्या फेऱ्याबरोबर ओढला जात होता. वैरण घालण्यासाठी, म्हणजे मूठभर दाणे जात्याच्या तोंडात सोडण्यासाठी, एक हात सुटला की गाणे तेथेच थांबत होते आणि दगडाने वेग घेतल्यावर पुन्हा त्याच शब्दापासून सुरू होत होते. मध्येच आजींनी सुनेला कुत्रे हाकलायला सांगितले, तेही जवळजवळ त्याच सुरात. छापील पानावर ओळ संपते तेथे त्यांचा श्वास संपत नव्हता, आणि ज्या शब्दावर वर्गात जोर दिला जाई तो शब्द त्या सहज गिळून पुढे जात होत्या. पुढची दोन कडवी त्यांनी म्हटली ती कोणत्याही संग्रहात नसावीत. ती बहिणाबाईंची की आजींच्या आईची, असे विचारले असता, दळताना असे कोण विचारते, एवढेच उत्तर मिळाले.

या उत्तराने अभ्यासकाची पंचाईत होते, पण लोकगीताची रीत त्यातच आहे. बहिणाबाईंना केवळ कवयित्री मानणाऱ्या समीक्षेने त्यांच्यातील गाणारी स्त्री बाजूला सारली, हा दोष मान्य करावा लागेल. गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, यावरून गाणाऱ्या स्त्रियांची गाणी टिपण्याचे काम करता येते हे सिद्धच आहे. 2018 पासून बहिणाबाईंचे नाव धारण करणाऱ्या जळगावच्या विद्यापीठाने आसोद्यापासून जामनेरच्या तावडी बोलीच्या गावांपर्यंत घरोघरच्या आज्यांचे गाणे, दगडाच्या घरघरीसकट, गावोगाव ध्वनिमुद्रित करावे. गाणाऱ्या पिढीने ऐंशी ओलांडली आहे, तेव्हा हे काम येत्या हिवाळ्यातच हाती घ्यावे.