झटका मशीन आणि मी

झटका मशीन लावणाऱ्या शेतकऱ्याला मी बरीच वर्षं मनातल्या मनात आळशी म्हणत आलो. थंडीत पारा पाच-सहा अंशांवर उतरला की शेकोटीपाशी बसून हरभरा राखायचा, रोही आली की हाळी द्यायची, हेच राखण. तारेत वीज सोडून घरी झोपणं मला क्रूरही वाटायचं. आज गोठ्यामागच्या पडीत माझीच गुरं त्या तारेच्या आत चरतात.

मन पालटलं ते काटेरी तारेमुळे. तिनं फाडलेली गायीची कास एकदा धुवून पाहा, मग क्रूरपणाचं बोला. झटक्याच्या तारेला आमच्या गोऱ्ह्यानं ओलं नाक लावलं, टक् आवाज झाला, गडी चार पावलं मागं उडाला आणि फुरफुरत उभा राहिला. अंगावर ओरखडा नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीवरचं हे मशीन सेकंदाला साधारण एक ठोका देतं. दाब हजारो व्होल्टचा, पण निमिषापुरता. दोन ठोक्यांमध्ये जनावराला सुटायला वाव राहतो. घरातली २३० व्होल्टची लाइन सलग वाहते, स्नायू आखडतात, धरलेला हात सुटत नाही. आकडा टाकून तीच लाइन कुंपणात सोडणाऱ्यांबद्दल माझं मत तसूभर बदललेलं नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेला शेजारचा माणूस चिकटतो आणि मग पोलीस येतात.

मशीन बसवलं तरी उन्हाळ्यात म्हैस तार ओलांडून सरळ केळीत शिरली. मी मशीनला शिव्या घालत होतो, तेव्हा शेजारचे आबा म्हणाले, "तार झटका नही देस रे भाऊ, जमीन देस." खरंच आहे. तारेतून निघालेली वीज जनावराच्या अंगातून, खुरांतून, जमिनीतून अर्थिंगच्या सळईपर्यंत परतली तरच झटका बसतो. वैशाखात भेगाळलेली आमची काळी जमीन ती वाट अडवते. बर्फाच्या देशात नेमकं हेच हिवाळ्यात होतं: खुराखालचा कोरडा बर्फ वीज जाऊ देत नाही, म्हणून तिथं एक तार झटक्याची, एक अर्थिंगची अशा आलटून-पालटून ओढतात. आपल्याकडे हिवाळा उलट सोयीचा, गव्हाला पाणी दिलेलं असतं. उन्हाळ्यासाठी मी आता सळईच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरून वर पाणी ओततो आणि दुसरी तार ओढली आहे. पावसाळ्यात तारेला टेकणारं गवत कापावं लागतं, नाहीतर ठोका गवतातूनच जमिनीत जिरतो. थोडक्यात, आळशाचं हे काम नाही.

एक गोष्ट मात्र अजून खुपते. साक्रीकडचे ठेलारी मेंढरं घेऊन उतरायचे, दादर ज्वारी निघालेल्या रानात वाडा बसवायचे. आपण धान्य द्यायचं, लेंडीखत शेतात पडायचं. तारा आल्या तसे त्यांचे रस्ते तुटत चालले. म्हणून मी वाटेच्या बाजूला तारेला हुकाचं फाटक ठेवलंय आणि ते आले की मशीन बंद करतो. मुलगा चिडतो, म्हणतो लेंडीखत विकत मिळतं. मिळतं की, ट्रॉलीचा भाव विचारून ये म्हटलं, अजून गेलेला नाही.