चौदाची नऊ झाली

गोष्ट गेल्या वर्षीची, पण अजून डोक्यातून जात नाही. अकोले इथे माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रात्री शटर ओढलं की तासभर गेम खेळतो. चाळिशीतल्या माणसाने गेम का खेळावा, याचं उत्तर बायकोला देऊन झालंय; इथे देत नाही.

एका ऑनलाइन स्टोअरवरून गेम घेतला. साधी आवृत्ती सातशेला, डीलक्स पंधराशेला. वरच्या आठशेत बोनस म्हणून चित्रांचं पुस्तक आणि गेममधली १४ गाणी. मी गाण्यांसाठीच ते आठशे मोजले. भंडारदऱ्याला जाताना गाडीत लावू, असं मनात होतं. घेतल्यावर कळलं, गाणी गेमच्या आतच वाजतात, फाइल मिळत नाही. प्रती काढणं हा माझा धंदा, आणि मला एक गाणं उतरवून घेता येईना!

मग एका रात्री अपडेट आलं आणि १४ ची ९ झाली. गेलेल्या पाचांत माझं सगळ्यात आवडतं.

मदत केंद्राला लिहिलं. उत्तर आलं, 'परवाना संपल्याने काही गाणी काढली आहेत. तुमचा परवाना अबाधित आहे.' हे मी पाच-सहा वेळा वाचलं. अबाधित कशाचा? नसलेल्या गाण्यांचा? पुन्हा विचारलं, मुदत संपणार हे विकताना ठाऊक होतं, मग मला का नाही सांगितलं? उत्तर तेच, खालचं नाव फक्त वेगळं. तिसऱ्यांदा पैसे मागितले, तर परताव्याची मुदत उलटलेली. म्हणजे मुदत त्यांची संपली तरी भुर्दंड मला, माझी संपली तरी मलाच. चौथ्यांदा त्यांनी तक्रार निकाली काढली आणि सेवेला तारे द्या म्हणाले. एक दिला. शून्य देता येत नव्हता.

हे माझ्या एकट्याचं नाही. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४'मधली कितीतरी गाणी २०१८ मध्ये, गेम आल्यावर दहा वर्षांनी, अशीच गेली. 'अ‍ॅलन वेक' तर २०१७ मध्ये गाण्यांच्या परवान्यापायी विक्रीतूनच उतरवला. पुढच्या वर्षी परत आला. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे, मिळतो तो फक्त परवाना, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं.

आईला सांगितलं तर म्हणाली, "मंग हे हायब्रीड बियान्यावानीच झालं की. दरसाल इकत घ्या." गावठी बियाणं जपून पद्मश्री मिळवणाऱ्या राहीबाई पोपेरे आमच्याच तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या; त्यामुळे आमच्या घरात हा विषय निघतोच. पण आईचं पुरतं पटलं नाही. हायब्रीडचं पीक त्या हंगामात तरी आपलं असतं. उभ्या पिकातून कुणी पाच सऱ्या उपटून नेत नाही.

तेव्हा बोनस घेताना एवढं बघा, फाइल उतरवून मिळते का. गॉग नावाच्या स्टोअरवर गेमचा इन्स्टॉलर आणि बरेचसे बोनस उतरवून घेता येतात. ते लगेच हार्डडिस्कवर टाका, लाइट जायच्या आत.

अर्थात मी फार तोंड वर करून बोलू नये. 'व्हाइस सिटी' या गेमची कॉपी सीडी २००४ साली संगमनेरहून पन्नास रुपयांत आणली होती. परवा ड्रॉवरमधून काढून लावली. गेममधला रेडिओ ठणठणीत वाजला. बनवणाऱ्यांना माझ्याकडून एक पैसा गेलेला नाही, आणि एक गाणंही कमी झालेलं नाही.

दिवाळीच्या सेलमध्ये त्याच स्टोअरवरून आणखी एक गेम घेतला. डीलक्स.