धुळ्याचे तिकीट

जळगावहून धुळ्याला जायचे म्हणजे एरंडोल, मग पारोळा आणि मग धुळे, असा सरळ रस्ता आहे. अंतर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरांचे. परंतु विशीत असताना मी हा प्रवास नेहमी दोन तुकड्यांत करीत असे. कंडक्टर तिकिटांची पेटी सावरीत जवळ आला की मी "पारोळा" म्हणे. पारोळ्याला उतरायचे, स्टँडवर कपभर चहा घ्यायचा आणि मागून येणाऱ्या गाडीत चढायचे. पारोळ्याला चढणारा उतारू बहुधा धुळ्याचाच; कंडक्टर आपण होऊन "धुळे ना?" असे विचारी आणि मी मान हलवी. धुळ्याच्या मामांची अशी समजूत होती की भाच्याला पारोळ्याच्या किल्ल्याचे फार वेड आहे. खरी गोष्ट एवढीच होती, की मला "धुळे" म्हणता येत नसे.

मी तोतरा आहे. 'प' म्हणताना माझे ओठ मिटत आणि बिचारे सुटतही. 'ध' म्हणताना जीभ दातांना जी चिकटे ती सुटण्याचे नाव घेत नसे. मान आखडे, डोळे मिटत, आणि समोरचा माणूस एकतर हसे किंवा दयाळूपणे माझे वाक्य पुरे करी. ह्या दोहोंपैकी अधिक काय बोचे ते आजही मला ठरविता येत नाही. शाळेत उत्तर तोंडपाठ असताना मी "येत नाही" म्हणून बाकावर उभा राहिलो आहे. ढ ठरणे परवडे, तोतरा ठरणे परवडत नसे.

आजीने उपाय पुष्कळ केले. शंखातले पाणी पाजले, वेखंड मधात उगाळून जिभेला चोळले. पुढे वाचनात आले की १८४१ साली बर्लिनच्या डीफेनबाख नावाच्या शल्यवैद्याने तोतऱ्यांच्या जिभेवर चक्क सुरी चालविली होती. तेव्हापासून आजीच्या वेखंडाविषयी माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नाही. जिभेचा बिचारीचा ह्यात दोषच नसतो. दोनापासून पाच वर्षांच्या वयात, वाचा फुटत असताना, वीस मुलांत एखादे असे अडखळू लागते. त्यांतली बहुतेक आपोआप बरी होतात, आणि मोठेपणी शंभरांत एखादा उरतो. त्यात पुरुषच जास्त. मेंदूतल्या बोलण्याच्या वाटा जरा निराळ्या जुळलेल्या असतात, इतकेच. म्हणून तर हाच मनुष्य गणपतीची आरती खणखणीत म्हणतो, वर्गाच्या सुरात प्रार्थना म्हणतो. घरी अहिराणीत मी पुष्कळ मोकळा बोले. शाळेतली शुद्ध मराठी आली की घसा आवळे.

मला उदासी येई तीही लहानपणापासूनच. तिचे कारण शोधायला मला कधी लांब जावे लागले नाही. जो माणूस स्टँडवर गावाचे नाव सांगू शकत नाही, तो उदास नसेल तर काय असेल? माझ्या सगळ्या दुःखांचे खापर मी ह्या एका जिभेवर फोडीत आलो. कादंबऱ्या लिहू लागलो तोही त्याच हिशेबाने. कागदावर माझी माणसे घडाघडा बोलतात. एकही पात्र मी तोतरे केलेले नाही.

हा हिशेब चुकला तो २०२० साली. मार्चअखेर टाळेबंदी आली, शाळा बंद झाली, लोकांनी तोंडाला फडकी बांधली. मला मनातून आनंद झाला. कोणाशी बोलणे नाही, कोणाला नाव सांगणे नाही. दोन महिने मी जवळजवळ अडखळलो नाही. ज्या वैऱ्याने चाळीस वर्षे छळले तो गाव सोडून गेला होता. तेव्हा आता मी सुखी व्हायला हवे होते. परंतु मी पहाटे तीनला जागा होई आणि आढ्याकडे पाहत पडून राही. अर्धी लिहिलेली कादंबरी उघडवेना. कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे आला तरी भूक लागेना. अंगणातला लिंब मोहरला, झडला, मला पत्ता नाही. एका संध्याकाळी मी हौसेने बायकोला म्हणालो, "पाहिलेस? माझे तोतरेपण गेले." ती भाजी निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुम्ही अडखळत नाही, कारण तुम्ही बोलतच नाही."

तिनेच मला पुढे धुळ्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ह्या दोहोंत आधी काय आले?" मी तोंड उघडले आणि उत्तर सापडेना, आणि ह्या खेपेला दोष जिभेचा नव्हता. डॉक्टरांचे म्हणणे साधे होते. लोकांसमोर तोंड उघडण्याची धास्ती प्रौढ तोतऱ्यांत इतरांहून पुष्कळच अधिक आढळते, ह्यात वाद नाही. खिन्नतेच्या आजाराविषयी मात्र अभ्यासकांचे एकमत नाही. तोतरेपणाने माणूस खचतो हे खरे. पण खिन्नता स्वतःच्या पायांनीही चालत येते. जीभ मोकळी झाली म्हणून ती जाईल असे नाही, आणि जीभ अडते म्हणून ती सोसलीच पाहिजे असेही नाही. तिच्यासाठी गोळ्या आणि बोलणे, जिभेसाठी वाचोपचार. दोन दुखणी, दोन औषधे. पुढे २०२५ साली सुमारे एक लाख तोतऱ्या माणसांची इतर दहा लाखांशी तुलना करणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनुवंशात तोतरेपणाशी निगडित अशा ५७ जागा त्यात सापडल्या, आणि तोतरेपणाचे काही धागे खिन्नतेशी, काही तालाच्या जाणिवेशी जुळतात असे दिसले. धागे जुळतात म्हणजे एकामुळे दुसरे होते असे नव्हे. तरीही ते वाचून मला आपल्या आरतीची आठवण झाली.

आमच्या खानदेशाला ही खिन्नता अनोळखी नाही. धरणगावात जन्मलेल्या बालकवींची 'आनंदी आनंद गडे' ही कविता आम्ही वर्गात हातवारे करून शिकवितो. त्याच कवीने 'पारवा' लिहिला आणि कारण सापडत नाही अशा उदासीवरही लिहिले, हे मुलांना सांगायचे राहून जाते. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रुळांवर त्यांचा अंत झाला तेव्हा ते तिशीतही नव्हते. आणि त्यांना बोलताना अडखळल्याचे मी तरी कधी ऐकलेले नाही.

हे सगळे आठवायचे कारण गेल्या वर्षी आठवीत आलेला एक मुलगा. त्याला वाचायला उभे केले की तो "येत नाही" म्हणे. मला अर्थातच पहिल्या दिवशी कळले. मी त्याला उत्तरे फळ्यावर लिहू देई, पोरांनी नक्कल केली की रागावे, आणि आपण फार मोठे काम करीत आहोत असे मला वाटे. ऑगस्टनंतर तो गप्प झाला. मी मनाशी म्हटले, सवय होईल. मला नाही का झाली? माझ्याइतके ह्या बाबतीत जाणते माणूस शाळेत दुसरे नव्हते, आणि नेमके मलाच दिसले नाही.

दिवाळीच्या आधी तो यायचा बंद झाला तेव्हा मी त्याच्या गावी गेलो. कापूस वेचणीचे दिवस. सारे घर शेतात. तो मात्र भर दुपारी भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला होता. त्याची आई विळा ठेवून आली आणि म्हणाली, "गुरुजी, पोर बोलस नही, जेवस नही." मी त्याच्या पाठीकडे पाहिले. ते पडून राहणे माझ्या ओळखीचे होते. आढ्याऐवजी भिंत, एवढाच फरक.

त्याच्या वडिलांना समजवायला दोन फेऱ्या पडल्या. "पोरगं येडं नाही," असे ते पुनःपुन्हा म्हणत. मी म्हटले, मीही नाही, आणि खिशातली गोळ्यांची पट्टी त्यांच्या हातावर ठेवली. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर त्यांच्या मोबाइलात घालून दिला. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. तो फोन त्यांनी रात्री, मी गेल्यावर, केल्याचे मागून कळले.

दिवाळी झाल्यावर आम्ही तिघे, तो, त्याची आई आणि मी, जळगावच्या स्टँडवरून गाडीत बसलो. सुट्टे पैसे मी मुलाच्या हाती दिले होते. कंडक्टर मशीन घेऊन आला, "कुठे?" म्हणाला. मुलगा म्हणाला, "धु... धु..." त्याची मान आखडली. गाडी बांभोरीच्या पुलावर चढली होती. वाक्य कधी पुरे करू नका, असे डॉक्टरांनी मला बजावले होते, म्हणून मी गिरणेच्या पात्राकडे पाहू लागलो. मागच्या बाकावरचा कोणी खाकरला. कंडक्टर मशीनवर बोट ठेवून उभा होता. पूल चांगला लांब आहे. तो संपता संपता "धुळे" बाहेर पडले, आणि पाठोपाठ, कोठेही न अडता, "दोन फुल, एक लेडीज."