ढाल, फलक आणि ढालगज

तलवारीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. तिला नावे असतात, दंतकथा असतात, ती आज कुठे आहे याचे वाद असतात. ढालीच्या वाट्याला यांतले फारसे काही येत नाही. 'ढाल-तलवार' या जोडीत ती पहिली उच्चारली जाते, पण लक्ष मात्र दुसरीकडे जाते. म्हणून मित्रहो, आजचा धागा ढालीचा. त्यातही वस्तूपेक्षा शब्दाचा अधिक.

संस्कृतात ढालीसाठी नेहमी भेटणारे शब्द तीन: चर्म, फलक आणि खेटक. महाभारतातले वीर खड्ग आणि चर्म घेऊन लढतात. चर्म म्हणजे कातडे आणि फलक म्हणजे फळी. ढाल काय करते यापेक्षा ती कशाची केली आहे, यावरून ही दोन नावे पडली. इंग्रजी 'शील्ड'ची कुळकथाही अशीच सांगतात. जुन्या जर्मानिक भाषांतील त्याच्या पूर्वरूपाचा संबंध चिरणे, फाडणे या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. म्हणजे पुन्हा लाकूड चिरून काढलेली फळीच.

फलकाने पुढे रणांगण सोडले. आज तो मराठीत नामफलक, सूचनाफलक आणि धावफलक होऊन सुखाने नांदतो आहे. खेटक मात्र मूर्तिशास्त्रात टिकून राहिला. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या चार हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे. मूर्तिवर्णनाच्या ग्रंथांत या ढालीला 'खेटक' म्हणतात. दर्शनाच्या रांगेत मात्र तो शब्द मी कधी ऐकलेला नाही.

रोमन सैनिकांच्या लांबट ढालीचे नाव होते 'स्कूटम'. त्यावरून पोर्तुगीजांचा 'एस्कुदो' आला. नाण्यावर राजचिन्हाची ढाल कोरलेली असे, म्हणून नाण्यालाच लोक ढाल म्हणू लागले. १९५८ मध्ये गोव्यात जुना रुपिया जाऊन एस्कुदो आला. एका रुपियाला सहा एस्कुदो असा भाव ठरला आणि १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता संपेपर्यंत तो चालला. म्हणजे जेमतेम तीन वर्षे का होईना, पण गोव्याच्या बाजारात मासळी 'ढाली' मोजून विकली जात होती! बक्षीस म्हणून मिळणारी फिरती ढालही आपल्याकडे इंग्रजी अमदानीतच रुजली. १९८८ साली सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी रचली, ती हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत. तिथे ढाल होती, पण गोलंदाजांच्या हाती नव्हती, एवढीच काय ती नोंद.

आता खुद्द 'ढाल' या शब्दाकडे वळू. संस्कृत कोशांत तो सापडतो, पण उशिराच्या काळात. शिवाय मुळात 'ढ'ने सुरू होणारे शब्दच संस्कृतात बोटांवर मोजण्याइतके आहेत. हिंदी, गुजराती, पंजाबी, बंगाली अशा अनेक भाषांत हा शब्द जवळजवळ याच रूपात भेटतो. तेव्हा तो बोलींतून वर चढून संस्कृतात शिरला, हेच अधिक संभवते.

याला एक पुरावा आपल्या जिभेवरच आहे. संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा 'ल' असेल, तर मराठीत त्याचा सहसा 'ळ' होतो: फल–फळ, काल–काळ, कमल–कमळ. प्राकृतात जोड 'ल्ल' असेल, तर मात्र मराठीत 'ल' टिकतो: गल्ल–गाल, भल्ल–भाला, तेल्ल–तेल. 'ढाल' हा शब्द एकट्या 'ल'निशी आपल्या वारशात आला असता, तर आज आपण 'ढाळ-तलवार' म्हणत असतो. तसे झाले नाही. म्हणजे एकतर 'ढल्ल'सारखे एखादे जोडाक्षरी रूप बोलींत नांदत असले पाहिजे, किंवा शब्द उत्तरेकडून तयार स्थितीत इथे आला असला पाहिजे. मला पहिला पर्याय अधिक पटतो. आणखी एक गंमत अशी की, हिंदीत उतारालाही 'ढाल' म्हणतात. आपल्याकडचा गवंडी मात्र फरशीला ढाळ देतो, त्यामुळे मराठीत हा घोटाळा होत नाही.

वस्तूविषयी थोडक्यात सांगते. आपल्याकडची मध्ययुगीन ढाल बहुधा गोल आणि फुगीर असते. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची, नाहीतर पोलादाची. समोरून दिसणारी चार फुले नुसती नक्षी नव्हेत. आतल्या मुठीच्या कड्या ज्यांनी पक्क्या केलेल्या असतात, त्या खिळ्यांची डोकी त्या फुलांखाली झाकलेली असतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराची पोलादी ढाल आहे, तिच्यावर बारा राशी कोरल्या आहेत. ती पाहायला जाल तेव्हा राशींच्या आधी फुले शोधा.

हे सारे एका हातात मावणाऱ्या ढालीविषयी झाले. पण मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला या शब्दाची दुसरी ओळख असणे अत्यावश्यक आहे. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, 'ढाल' या नोंदीखाली आणखी एक अर्थ दिलेला आहे: सैन्याचे मोठे निशाण. कूच कोणत्या दिशेने करायचे आणि तळ कोठे द्यायचा, हे ज्यावरून कळते ते निशाण. ज्या हत्तीवर ते असे, तो ढालगज.

हा अर्थ ठाऊक नसेल, तर जुना कागद समोर असूनही लढाई दिसत नाही. हजारो घोड्यांनी उडवलेल्या धुळीत सैनिकाला दहा हातांपलीकडचे दिसत नसे. आपले लोक कुठे आहेत, सरदार पुढे गेला की मागे फिरला, हे कळायला डोळ्यांना एकच आधार असे: हत्तीच्या उंचीवर फडकणारे निशाण. ते पुढे सरकले की फौज पुढे सरके. ते दिसेनासे झाले की मागच्यांना वाटे, सगळे संपले. १५५६ मध्ये पानिपतावर हेमूच्या डोळ्यात बाण लागला आणि तो हत्तीच्या हौद्यात कोसळला, तेव्हा हातची जिंकत आलेली लढाई त्याच्या फौजेने सोडली. तिथे निशाण नव्हे, खुद्द सेनापती दिसेनासा झाला होता. पण हत्तीवर खिळलेल्या नजरांचे गणित तेच. तेव्हा कागदात ढाल पाठीवर किंवा हातात असेल तर ती ढाल. ती हत्तीवर असेल, फौजेच्या पुढे चालत असेल, तळावर उभी राहत असेल, तर ती निशाण. ढालगजाची जागा म्हणूनच मानाची, आणि शत्रूचा पहिला डोळा तिच्यावर, म्हणून सर्वांत धोक्याचीही.

पेशवाई गेली, फौजा गेल्या, ढालेचे हत्तीही गेले. निशाण या अर्थाची 'ढाल' आपल्या बोलण्यातून पुसली गेली. ती उरली एका ठिकाणी, आणि ते ठिकाण म्हणजे शिवी: 'ढालगज भवानी'. चारचौघांत मोठ्याने बोलणारी, पुढे पुढे करणारी, कुणाला न जुमानणारी बाई. (भवानीचे तर काय सांगावे! तीच कुलदैवत, तिच्याच नावाची तलवार, बाजारात दिवसाची पहिली विक्री तीही भवानी, आणि बाईला टोमणा मारायचा तरी पुन्हा तीच.) कोशकारांनी अर्थ देताना हात आखडता घेतलेला नाही, उद्धट, निर्लज्ज, सगळे आहे.

हा शब्द मी कोशात भेटण्यापूर्वी घरात ऐकला होता. माझ्या आत्याचे यजमान गेले तेव्हा ती तिशीत होती. दिरांनी गिरणी विकायची ठरवली; तिने ती विकू दिली नाही, स्वतः चालवायला घेतली. पट्टा तुटला की ती स्वतः चढवायची, उधारी थकली की दारात उभी राहून मागायची. गावाने तिला हे नाव दिले. पाठीमागे देत होतेच, पुढे तोंडावरही देऊ लागले. लहानपणी मला वाटे, ढालगज म्हणजे अंगाने आडवी बाई. आत्या तर काडीसारखी होती, त्यामुळे कोडे अधिकच अवघड.

पदव्युत्तर वर्गात कोश उलगडताना 'ढालगज' नजरेला पडला, तेव्हा मी तिला फोन केला. सगळे सांगितले: निशाण, हत्ती, धूळ, शत्रूचा पहिला डोळा. ती बराच वेळ काही बोलली नाही. गिरणीचा आवाज येत होता. मला क्षणभर वाटले, तीस वर्षांच्या जखमेवर मी पुस्तकातली फुंकर घालते आहे, ती तिला हवी आहे का, हे न विचारताच.

मग ती म्हणाली, "म्हणजे बाण त्यालाच आधी लागायचे की गं."

"हो आत्या."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली, आणि कुणाचे तरी दहा किलो ज्वारीचे दळण तयार झाल्याचे सांगून तिने फोन ठेवला.