दादांचा तळहात

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आमचे घर. पूर्वज शिकलगार, तलवारींना पाणी देणारे हात पुढे सतारीकडे वळले. दादांनी मात्र जन्मभर तंबोरेच केले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे यायचे. दादा एकेकाला टिचकी मारायचे अन् न पटलेला बाजूला सारायचे. का, ते त्यांना सांगता यायचे नाही.

हात कापू लागले तशी त्यांनी कानस ठेवली. पुढे कानही गेले. तरी मिरासाहेबांचा उरूस जवळ आला, की ओळखीचे गवई तंबोरा घेऊन यायचेच. आम्ही तारा छेडायचो. दादा भोपळ्यावर तळहात टेकून डोळे मिटायचे. "खर्ज बंद है, बेटा. घोडी घिसो."

आणि आम्ही नातवंडे शेजारच्या कारागिराला हाक मारायला पळायचो. पाटावर बसा म्हणून दादांनी आम्हाला किती विनवले होते! आम्हाला नोकऱ्या हव्या होत्या, त्या मिळाल्याही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. लोक अभिनंदनाला घरी आले. आम्ही चहा दिला. दादांचा शेवटचा तंबोरा भिंतीशी उभा होता. त्याची जवारी उतरलेली आहे, एवढे आम्हालाही कळते.