निवाड्याची वाट पाहणारे

न्यायनिवाडा करणाऱ्या देवाशी माझे कधी जमले नाही. चित्रगुप्ताच्या वहीचा धाक बालपणी पुरेसा मिळाला होता. त्यात हिब्रू शास्त्रातला शिक्षा ठोठावणारा देव आणखी कशाला, असे मी खुशाल म्हणत असे. दया हा धर्माचा गाभा आणि निवाडा ही भीती घालायची युक्ती, एवढे साधे गणित. ते आता बदलले आहे, आणि त्याला कारण एक द्राक्षमळा.

राजांच्या पहिल्या पुस्तकातला 21वा अध्याय. इज्रेलमध्ये नाबोथ नावाच्या माणसाचा मळा अहाब राजाच्या वाड्याला लागून आहे. राजाला तिथे भाजीपाला लावायचा आहे. बदल्यात दुसरा मळा किंवा रोख किंमत द्यायला तो तयार आहे. पण वाडवडिलांचे वतन नाबोथ देत नाही. राजा रुसून, तोंड फिरवून, न जेवता पडून राहतो. मग राणी ईजबेल सूत्रे हाती घेते. ती मारेकरी पाठवत नाही. राजाच्या शिक्क्यानिशी गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रे धाडते : उपास जाहीर करा, नाबोथला पुढे बसवा, देवाची आणि राजाची निंदा केली असे सांगणारे दोघे उभे करा. दोघेच का? मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे देहदंडाला किमान तेवढे साक्षीदार लागतात म्हणून. सगळे कसे कायद्याला धरून! गावाबाहेर नेऊन नाबोथला दगडांनी ठार मारतात आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघतो.

इथे दया करायची ती कुणावर? खून न्यायसभेच्याच हातून झालेला. दाद मागायची तर कुणाकडे? तेव्हा एलीया संदेष्टा राजाला त्या मळ्यातच गाठतो आणि खुनाचा नि ताब्याचा जाब विचारतो. तो जाब विचारायला लावणारा देव मला रागीट वाटेना. त्याने कानाडोळा केला असता तर दयाळू ठरला असता? अहाबाच्या लेखी ठरला असता.

96वे आणि 98वे स्तोत्र त्यानंतर कुठे मला उमगले. देव पृथ्वीचा न्याय करायला येतो आहे, म्हणून तिथे रानातली झाडे आनंदाने गातात, नद्या टाळ्या वाजवतात. पूर्वी मला ही नुसती कवीची हौस वाटायची.

तक्रार अगदीच संपली असे नाही. अहाब गोणपाट नेसून नमला, तशी त्याच्या घराण्यावरची आपत्ती मुलाच्या कारकिर्दीवर ढकलली गेली. हे मला आजही पटत नाही. नाबोथच्या मुलांचेही रक्त सांडल्याचा उल्लेख राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. मग मळा परत करणार तरी कुणाला?

शिवाय निवाड्याची वाट पाहणारा प्रत्येकजण नाबोथ नसतो. इ.स.पू. आठव्या शतकात यहूदातल्या तकोवाचा मेंढपाळ आमोस उत्तरेच्या राज्यात गेला. मापात पाप करणारे, जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकणारे तिथले लोकही परमेश्वराच्या दिवसाची, म्हणजे त्याच्या निवाड्याच्या दिवसाची, आस धरून होते. तो दिवस तुमच्यासाठी अंधाराचा असेल, असे त्याने सुनावले. बेथेलच्या पुरोहिताने त्याला यहूदात परत जाऊन तिथेच पोट भरायला सांगितले.

देवाच्या नावाने धाक घालणाऱ्या प्रवचनकारांचे मला आजही वावडे आहे. पण निवाडा न करणारा देव मात्र आता मला नको.